बारा मिनिटांची नोंद

वेस्ट विंडसर, ९ जानेवारी २००७

नीलू,

आशीर्वादाने सुरुवात करणार होते, पण तीन वर्षांत तू माझा एकही आशीर्वाद घेतलेला नाहीस. तेव्हा तो तुझ्या नावाने इथेच ठेवते. हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. मी हौसेने लिहीत नाहीये. तुझ्या नवऱ्याने मला कामाला लावलंय.

रवींद्रचा मागच्या मंगळवारी फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाला, "अक्का, तुम्ही विमा कंपनीत वकिलांची बिलं तपासायचात ना?"

"एकवीस वर्षं."

"माझी बघाल? फक्त नीलूला सांगू नका."

"सांगणार," मी म्हटलं. "चोरून काही करायची मला सवय नाही."

म्हणून सांगते आहे. बिलं माझ्याकडे आली आहेत. चार महिन्यांची, एकशे शहाऐंशी पानं. ती पाहायच्या आधी तुमच्या वकिलाकडून गोपनीयतेचा कागद मागवला, सही करून परत पाठवला आणि मगच पाकीट फोडलं. हे रवींद्रला सुचलं नव्हतं. संगणकाच्या चिप बनवणाऱ्याला सगळं सुचावं अशी माझी अपेक्षाही नाही.

त्याच्याकडून मला समजलं ते असं. त्याची जुनी कंपनी म्हणते की त्याने नोकरी सोडताना त्यांचं डिझाइन पळवलं. तो म्हणतो की नोकरी सोडल्यावर कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. खटला उभा राहण्याआधी दोघांनी आपापली कागदपत्रं एकमेकांना दाखवायची असतात. त्याला इथे डिस्कव्हरी म्हणतात. कुठले कागद दाखवायचे नि कुठले नाही यावरून वकील भांडतात, आणि त्या भांडणाचा खर्च मूळ खटल्यापेक्षा जास्त होतो. चार महिन्यांत दोन लाख चौदा हजार डॉलर! नीलू, तुम्ही सनीव्हेलच्या घरावर दुसरं कर्ज काढलंत हे मला रवींद्रकडून कळावं? तो म्हणाला, मे महिन्यापर्यंत पैसे पुरतील. मग समोरचे म्हणतील तिथे सही करून डिझाइन त्यांच्या हवाली करायचं, आणि पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा कुणाच्या तरी दारात नोकरी मागायला उभं राहायचं.

मला संताप येतो तो वकिलांच्या चोरीचा नव्हे, आळसाचा. समोरच्या वकिलाचं दोन पानांचं एक पत्र आलं. ते तुमच्याकडच्या पाच जणांनी वाचलं, आणि पाचही जणांनी पैसे लावले. ताशी तीनशे दहा डॉलरचा वकील झेरॉक्स काढत उभा होता. एका नोंदीत लिहिलंय, 'फाइलकडे लक्ष दिले, चार तास'. फाइल म्हणजे काय गॅसवर ठेवलेलं दूध आहे? दुसऱ्या एका नोंदीत फोन, पत्र, बैठक आणि संशोधन एकाच ओळीत कोंबून नऊ तास. कशाला किती लागले ते देवाला ठाऊक.

सिस्टर अ‍ॅग्नेस आठवते? शाळेत निबंध तपासताना तिची लाल पेन्सिल कशी उभी धरलेली असायची? मी अजून तशीच धरते. एकसष्ट हजार डॉलरवर रेघ मारली आहे. प्रत्येक रेघेशेजारी कारण लिहिलं आहे. यादी सोबत आहे. रवींद्रला दे, किंवा केरात टाक, पण टाकशील तर एकसष्ट हजार टाकते आहेस हे ध्यानात असू दे.

अक्का


वेस्ट विंडसर, १ फेब्रुवारी २००७

नीलू,

तुझं उत्तर नाही. फोन केला तर सियाने उचलला. तुझ्या मुलीला खोटं बोलता येत नाही, याबद्दल तुझं अभिनंदन. म्हणाली, "मावशी, आई घरी नाहीये." मग म्हणाली, "ॲक्चुअली, शी सेज शी इज नॉट होम." मी म्हटलं, "तिला सांग, अक्का सेज ओके."

यादी केरात गेली नाही असं दिसतं, कारण तुमचे ते वकील मिस्टर हॅलोरन स्वतः फोनवर आले. रवींद्र दुसऱ्या फोनवर होता, पण तो एक शब्द बोलेल तर शपथ.

"मिसेस प्रधान," हॅलोरन म्हणाले, "आमच्या बिलावर इतक्या बारकाईने कुणी कधी हरकत घेतली नव्हती."

"म्हणूनच ते असं झालंय."

मग आम्ही ओळीओळीने गेलो. पाच वाचकांतले तीन गेले. झेरॉक्स गेली. लक्ष दिलेली फाइल गेली. माणूस अगदीच वाईट नाही. दर हरकतीवर आधी सुस्कारा टाकतो, पण मग कबूल करतो. दोन तासांत अठ्ठेचाळीस हजार कमी झाले. मी विचारलं, या दोन तासांचे पैसे लावणार का? ते हसले. मी हसले नाही. तेव्हा म्हणाले, "नाही, नाही लावणार."

शेवटी मात्र म्हणाले, "यापुढचं मला कमी करता येणार नाही. आमचं घोडं तुमच्या बहिणीपाशी अडलंय."

घरच्या ई-मेल खात्यावरून तू पुण्याला भावाला, दिगंबरला, पाठवलेली पत्रं! रवींद्रही तेच खातं वापरायचा, म्हणून ती सगळी यात आली. बावीसशे. सगळी मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली, म्हणजे कुठल्याही यंत्राला न समजणारी. ती भाषांतर करायला माणूस लावलाय. समोरच्यांना २००४ च्या सुरुवातीची सगळी हवी आहेत, कारण रवींद्रने तेव्हा नोकरी सोडली. तू म्हणतेस, ती घरगुती आहेत, देणार नाही. त्यावरून पत्रं, पत्रांवर पत्रं, कोर्टात अर्ज. यातच निम्मा पैसा गेला.

"मी त्यांना शंभरदा विचारलं, त्यात आहे तरी काय?" हॅलोरन म्हणाले. "एकच उत्तर. घरचं आहे."

"अकरा वेळा विचारलंत," मी म्हटलं. "बिलात अकरा फोन आहेत."

नीलू, त्यात काय आहे ते मला न वाचता कळतं. आई गेली त्याच महिन्यातली पत्रं आहेत. मी आले नाही, यावर तू दिगंबरला जे काही लिहिलं असशील ते सभ्य भाषेत नसणारच. तुझी जीभ काही माझ्यापेक्षा वेगळ्या घरातून आलेली नाही. पण तू शिव्या दिल्यास म्हणून मी काही मरणार नाही. कार्यालयातून रजा मिळाली नाही, हे मी तेव्हाच कळवलं होतं. त्यावर तुझा विश्वास बसला नाही. तो तुझा प्रश्न.

देऊन टाक ती पत्रं. स्वतःच्या शिव्यांची लाज वाटते म्हणून घर घालवू नकोस.

अक्का


वेस्ट विंडसर, २० फेब्रुवारी २००७

नीलू,

मी आयुष्यभर जास्तीची नोंद शोधली. ज्या ओळीला दोन तास नकोत तिला दोन लावलेत, हे मला वासावरून कळतं. काल पहिल्यांदाच मला कमी लावलेली एक ओळ सापडली.

रवींद्रकडून भाषांतराच्या कामाचा तक्ता मागवला होता. हर्नडन गावची विनीता नावाची मराठी मुलगी आहे, फोनवर आणि संगणकावर काम करते. मुलगी प्रामाणिक. तू दिगंबरच्या बायकोला मेतकुटाची कृती पाठवलीस त्या एका पानाला तिने अठ्ठेचाळीस मिनिटं घेतली, कारण मेतकूट म्हणजे काय हे अमेरिकन वकिलाला कळावं म्हणून खाली टीप लिहिली. मेतकुटाचं आणि चिपचं काही नातं नाही हेही तिने त्यात स्पष्ट केलं आहे. मी ती ओळ कापली नाही.

आणि मग ही ओळ: २१ मार्च २००४. पानं चार. वेळ ०.२. वैयक्तिक, कौटुंबिक.

वकील तासाचे दहा भाग करतात, सहा मिनिटांचा एक. ०.२ म्हणजे बारा मिनिटं. जी मुलगी मेतकुटाच्या एका पानाला पाऊण तास देते ती चार पानं बारा मिनिटांत कशी संपवेल? संपवलेली नाहीत. उघडली आणि मिटली.

रवींद्रला विचारलं. आधी त्याने आढेवेढे घेतले. मग म्हणाला, "अक्का, विनीताने नीलूला फोन केला होता. म्हणाली, काकू, इथे तुमच्या बहिणीबद्दल बरंच आहे, मी वाचू ना? नीलू म्हणाली, नको गं, ते घरचं आहे. तर ती म्हणाली, बरं काकू, मग मी पुढे नाही जात. आणि तसा शेरा मारला."

बघ म्हणजे! वकिलाची नोकर, ताशी पंचेचाळीस डॉलर घेणारी, आणि काकू नको म्हणाल्या म्हणून कागद मिटते. कुठल्या अमेरिकन मुलीने हे केलं असतं? तिच्या आईने तिला वळण चांगलं लावलंय, आणि त्या वळणापायी हॅलोरनला आजपर्यंत ठाऊक नाही की त्या चार पानांत काय आहे. नुसत्या शेऱ्याच्या आधारावर तो कोर्टात भांडतोय.

मी पुण्याला दिगंबरला फोन लावला. त्याला तुझं प्रत्येक पत्र छापून फाइलला लावायची सवय. आईला वाचून दाखवायचा तो. आई गेल्यावरही छापत राहिला. म्हटलं, "२१ मार्च काढ आणि वाच."

तो खोकला. पाणी प्यायला. म्हणाला, "अक्का, कशाला उगाच."

"वाच."

पहिलं पान त्याने वाचलं. मग मी फोन ठेवला. आज एवढंच लिहिते.

अक्का


वेस्ट विंडसर, २ मार्च २००७

नीलू,

आज आईला जाऊन तीन वर्षं झाली. हे पत्र नीट लिहायचं म्हणून सकाळपासून टेबलाशी बसले आहे.

पहिल्या पानावर तू लिहिलंस की तू माझ्या ऑफिसात फोन केला होतास. माझ्या रजेबद्दल त्यांना विनंती करायला! धाकट्या बहिणीने थोरलीच्या साहेबाला विनंती करायची, आणि साहेबाने गोंधळून सांगायचं की मिसेस प्रधान यांची एक्केचाळीस दिवसांची रजा शिल्लक आहे, त्यांनी अर्जच केलेला नाही.

म्हणजे तुला तेव्हापासून ठाऊक होतं. तीन वर्षं मला वाटत होतं की तुझा माझ्यावर विश्वास नाही. विश्वासाचा प्रश्नच नव्हता. तुझ्याकडे पुरावा होता.

आणि एक फेब्रुवारीच्या पत्रात मी तुला पुन्हा तेच लिहिलं, रजा मिळाली नाही. तेही तू वाचलंस. चोरून काही करायची मला सवय नाही म्हणाले होते. वाचताना हसली असशील, किंवा नसशील.

मी रवींद्रला विचारलं की नीलू हे पत्र का देत नाही, तिच्या तोंडून निघालेल्या शिव्यांची तिला एवढी लाज का? तो म्हणाला, "अक्का, शिव्या कसल्या? ती म्हणते, माझ्या बहिणीने आईच्या मरणाला दांडी मारली हे परक्या माणसांनी भर कोर्टात इंग्रजीत वाचायचं नाही. घर गेलं तरी चालेल."

नीलू, तुला अक्कल आहे का? तू माझ्याशी बोलणार नाहीस, पत्राला उत्तर देणार नाहीस, फोनवर मुलीला पुढे करशील, आणि माझी अब्रू राखायला तासाला साडेचारशे डॉलरचा वकील उभा करशील? माझी अब्रू एवढी महाग नाही. कुणीही ते बिल माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी अख्खं कापलं असतं.

आता मी का आले नाही ते. हे दिगंबरला ठाऊक नाही. तुझे भावोजी असते तर त्यांनाही सांगितलं नसतं.

२००१ साली मी आईकडे गेले होते ना, शेवटची? तुला मी सांगितलं की आई बरी आहे, थोडं विसरते. पहिल्या दिवशी मी खोलीत शिरले तर आई खुर्चीतून धडपडत उठून उभी राहिली. पदर सारखा केला. म्हणाली, "गुड मॉर्निंग, सिस्टर." मला वाटलं चेष्टा करते आहे. तर हात जोडून, तिच्या त्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत, "सुलेखा गुड गर्ल, सिस्टर. फी टुमारो." आपली फी थकायची आणि आई सिस्टर अ‍ॅग्नेसपुढे अशी उभी राहायची, हे आपल्याला कधी कळलंच नव्हतं. मी म्हटलं, आई, मीच सुलेखा. ती घाबरली. मला वाटतं तिला वाटलं की सिस्टर रागावली. अकरा दिवस मी तिथे होते. अकराही दिवस ती मला पाहून उभी राहिली. एकदाही माझ्यासमोर बसली नाही. शेवटी मी दाराबाहेरून पाहायला लागले, म्हणजे तिला बसता यावं.

तुला ती ओळखायची. तू आलीस की नीलू म्हणायची, दिगंबरने सांगितलं होतं.

मला रजा होती, तिकिटाचे पैसे होते. पण मरणाच्या वेळीही आई माझ्यासाठी उठून उभी राहायला बघेल, या भीतीने मी आले नाही. हे कारण आहे, सबब नाही. दोन्हींतला फरक मला कळतो, मी त्यावरच पगार घेतला.

आता कामाचं बोलू. दिगंबरला काल पुन्हा फोन केला आणि उरलेली तीन पानं ऐकली. पहिल्या पानावर फोन ठेवला नसता तर हे दहा दिवस वाया गेले नसते. तिसऱ्या पानावर तू काय लिहिलंस ते तुला तरी आठवतंय का? तू पुण्याहून परत आलीस, तर रवींद्र जेवणाच्या टेबलावर कोरे कागद पसरून बसला होता. तू लिहिलंस, 'नोकरी सोडून तीन आठवडे झाले आणि याने अजून एक रेघ मारलेली नाही, म्हणतो जुन्या पद्धतीने नाहीच करायचं, नवीन काहीतरी सुचलं पाहिजे. आपण काय खायचं, कोरे कागद?'

तारखेसकट. भावाला लिहिलेलं. नवऱ्याला टोमणा म्हणून, म्हणजे कुणी मुद्दाम रचलेलं नाही हे आंधळ्यालाही दिसावं. सगळा खटला ज्या एका गोष्टीवर आहे ती तू लिहून ठेवली आहेस, आणि मला झाकायला घातलेल्या पांघरुणाखाली तीच झाकली गेली.

ते पत्र दे. चारही पानं. पहिलं पान शाईने झाकून काळं करायचं म्हणशील तर त्यावरून पुन्हा दोन महिने भांडतील, पुन्हा बिल येईल. त्यात माझं नाव आहे, माझी एक्केचाळीस दिवसांची रजा आहे, राहू दे. हॅलोरन वाचतील, समोरचे वाचतील, न्यायाधीश वाचेल. मी त्यांच्यातल्या कुणाला भाजी आणताना भेटणार नाही.

मला फक्त तू भेटायला हवी आहेस.

अक्का


वेस्ट विंडसर, ५ मे २००७

नीलू,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. नुसतं एप्रिलचं बिल, आणि एका ओळीशेजारी लाल पेन्सिलीची खूण, तुझ्या हातची. तूही ती उभीच धरतेस की.

बाकी बिल मी पाहिलं. कोर्टातला अर्ज समोरच्यांनी मागे घेतला, त्या दिवसाच्या नोंदी आहेत. तडजोडीच्या बैठकीची नोंद आहे. रवींद्रने फोनवर सांगितलं ते खरं आहे असं त्यावरून दिसतं. डिझाइन त्याचंच राहणार, खर्च ज्याचा त्याने सोसायचा. घरावरचं कर्ज फेडायला सात-आठ वर्षं जातील. जाऊ देत. घर आहे. हॅलोरनचं एक जेवण कापलंय, दोन माणसांत तीन स्टेक कशाला?

आता तुझी खूण.

'मराठी ई-मेल, २१ मार्च २००४, संपूर्ण भाषांतर. पानं चार. वेळ ३.१.'

चार पानांना तीन तास सहा मिनिटं. एरवी मी अशा ओळीसाठी माणसाला फोनवर उभं केलं असतं. रवींद्रला विचारलं, एवढा वेळ कसा लागला? तो म्हणाला, विनीताने नीलूला विचारलं, काकू, मी वाचू की तुम्ही वाचून दाखवाल? तर नीलूने स्वतः फोनवर वाचून दाखवलं. पहिलं पान वाचताना तीनदा थांबली. शेवटी विनीताला म्हणाली, याच्यानंतरचं एक पत्र आहे, ते कोर्टासाठी नाही, पण ते ऐकल्याशिवाय हे पान इंग्रजीत करू नकोस. आणि मग तू तिला माझं दोन मार्चचं पत्र वाचून दाखवलंस. सगळं. सिस्टर अ‍ॅग्नेससकट.

ते कुणी मागितलं नव्हतं. कोर्टाला त्याची गरज नव्हती. त्या वेळाचा खटल्याशी काडीचा संबंध नाही, आणि असा वेळ अशिलाच्या माथी मारता येत नाही, हे मी एकवीस वर्षं शेकडो वकिलांना ऐकवलं आहे.

ती ओळ मी तशीच ठेवली आहे. एक मिनिटही कापलेलं नाही. शेजारी 'योग्य' लिहून सही केली आहे, आणि बिल या पत्रासोबत परत पाठवते आहे.

पहिल्या पत्रात जो आशीर्वाद तुझ्या नावाने इथे ठेवला होता, तो आता पाठवू का?

अक्का